पानांचा पाटकरी

धुळ्यात कुणाला घर विचारलं की आधी आकडा ऐकू येतो. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, गल्ली नंबर सहा. पेशवाई संपल्यावर खानदेशचा कारभार पाहायला आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि पांझरा नदीच्या काठी आखीव वस्ती उभी राहिली. तिथल्या गल्ल्यांना चिकटलेले आकडे अजून निघालेले नाहीत. गल्ली नंबर चार सापडली की पाचवी शोधायला वेगळी चौकशी करावी लागत नाही.

पत्त्याला आकड्यात बसवण्याचं याहून मोठं काम १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर सुरू झालं आणि ते एका मराठी माणसाच्या डोक्यातून निघालं होतं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहीत. त्यांनी सहा आकडी पिन कोड आखला. जळगावचा ४२५००१ हा आकडा डावीकडून वाचत जावा. पहिला ४ म्हणजे पश्चिमेकडचा विभाग. ४२ म्हणजे त्याचा एक भाग. ४२५ म्हणजे टपालाची छाननी होणारा टापू, आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे नेमकं टपाल कार्यालय. पत्र उचलणाऱ्याला पूर्ण पत्ता वाचायची गरज नाही. त्याच्या टप्प्याला लागतील तेवढे आकडे वाचले की पत्र पुढच्या थैलीत जातं.

हे आकडे जिल्ह्यांच्या सीमा मानत नाहीत. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण त्याचा पिन ४२४१०१; पाचोऱ्याचा ४२४२०१. म्हणजे दोन्ही गावं धुळ्याच्या ४२४ मध्ये. उलट शिरपूर आणि शिंदखेडा धुळे जिल्ह्यातले तालुके, आणि त्यांचे पिन ४२५४०५ व ४२५४०६. सात-बाऱ्यावर जिल्हा एक आणि पाकिटावर टापू दुसरा. टपालाला तालुका कुणाच्या ताब्यात आहे याच्याशी देणंघेणं नाही. पत्र कुठून कुठे वळवायचं एवढंच त्याला कळायला हवं.

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसणारा पत्ताही असाच डावीकडून वाचला जातो. तिरक्या रेघेने तोडलेले तुकडे, प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या पोटात. ‘/केळी/रावेर/नवती’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं: विषय केळी, बाजार रावेरचा, माल नवतीचा. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. त्यानंतर बरीच वर्षं हा पत्ता वाचण्याचं काम दूरच्या सर्व्हरकडेच होतं. वाचक दुव्यावर बोट ठेवी, पत्ता सर्व्हरकडे जाई, तिथून आख्खं पान येई, जुनं पान पुसलं जाई. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यातलं बरंच काम वाचकाच्या हातातल्या फोनमध्ये येऊन बसलं. फोनमध्येच पत्ता वाचून कोणतं पान दाखवायचं ते ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला राउटर म्हणतात, आणि या प्रकरणाचा विषय तोच आहे.

खानदेशातल्या वाचकाला हा राउटर समजावून सांगायला एक माणूस पुरे आहे: पाटकरी.

पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत फड पद्धतीची शेती शेकडो वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या, आणि चाऱ्यांखाली एकेका पिकाचा सलग फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या सोप्या होतात. पाणी कुणाकडे, कधी, किती वेळ वळवायचं हे पाटकरी सांभाळतो. तो पाणी तयार करत नाही, पीकही पिकवत नाही. आलेलं पाणी बघायचं, ठरलेली पाळी आठवायची आणि नेमकं दार उघडायचं. कुठल्याच फडात न मावलेलं पाणी परत नदीत सोडायची वाटही आधीच खोदून ठेवलेली असते.

राउटरही तेवढंच करतो. आलेला पत्ता बघतो, हाताशी असलेल्या यादीशी ताडतो, जुळला की त्या पानाचं दार उघडतो. कशाशीच न जुळलेल्या पत्त्यासाठी ‘असं पान नाही’ सांगणारी वाट ठेवतो. अहिराणी बोलीत वाटेत भेटलेल्या माणसाला ‘कथा चालना रे भो?’, म्हणजे ‘कुठे चाललास रे भाऊ?’, असं विचारतात. राउटर प्रत्येक पत्त्याला हाच एक प्रश्न विचारतो.

उदाहरण म्हणून एक वेब-ॲप डोळ्यांपुढे आणावं. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यातला केळी उत्पादक रोज भावाची वाट बघतो. रावेरच्या बाजार समितीचा भाव त्याला हवा असतो, आणि सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा त्याहून जास्त हवा असतो, कारण तिथे काय भाव फुटला यावर इकडची बोलणी ठरतात. मालाचेही प्रकार आहेत: नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी. आता बांभोरी, फैजपूर किंवा शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीने हे भाव दाखवणारं ॲप लिहायला घेतलं, असं धरून चालू. पाच-सहा पानं, भावांचे तक्ते, जुन्या भावांचा आलेख. वापरणारा बांधावर उभा, फोन स्वस्तातला, रेंज कधी चार काड्या तर कधी एक.

तिने प्रत्येक भावासाठी वेगळं पान सर्व्हरवरून मागवायचं ठरवलं तर रावेरवरून बऱ्हाणपूरवर जाताना दरवेळी पडदा पांढरा होणार, वरची पट्टी, खालची पट्टी, फाँट, सगळं पुन्हा मांडलं जाणार. म्हणून ती सांगाडा एकदाच उतरवते आणि पुढे फक्त आकडे मागवते. पान हललं नाही, आकडे बदलले. वेग आला.

आणि तिथेच एक जुनी गोष्ट हातून सुटते. पान बदललंच नाही, त्यामुळे वरचा पत्ताही बदलला नाही. रावेरचा नवतीचा भाव बघणाऱ्याने तो पत्ता व्हॉट्सॲपवर भावाला पाठवला, तर भावाच्या फोनवर ॲपचं पहिलं पान उघडतं. आणि रावेरहून बऱ्हाणपूरला आलेल्याने मागे जायचं बटण दाबलं की रावेर येत नाही. तो थेट ॲपच्या बाहेर फेकला जातो.

वेबच्या इतिहासात ही चूक सगळ्यांनीच केली आहे. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ सोबत पान न हलवता माहिती मागवण्याची सोय दिली. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं, २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आला, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या सगळ्या तंत्राला ‘एजॅक्स’ असं नाव दिलं. लोक हरखून गेले. पण मागे जायचं बटण बिघडलं ते अनेक ठिकाणी कित्येक वर्षं बिघडलेलंच राहिलं.

पहिला तोडगा निघाला तो # या चिन्हातून. पत्त्यात # नंतर जे येतं ते ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. एका लांब पानातल्या एखाद्या परिच्छेदावर उडी मारायला ते चिन्ह मुळात ठेवलं होतं. म्हणून # नंतरचा मजकूर बदलला तर पान नव्याने येत नाही, पण पत्ता बदलतो आणि इतिहासात नोंद होते. ‘/#/केळी/रावेर’ असे पत्ते त्यातून जन्मले. त्यापुढे एक उद्गारचिन्ह जोडायची टूम निघाली, कारण गूगलने २००९ मध्ये अशा पानांची नोंद घेण्याची एक पद्धत सुचवली होती. ट्विटरने २०१० मध्ये तिचा अवलंब केला. गॉकर या अमेरिकी प्रकाशन समूहानेही केला, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांच्या जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, काहीतरी बिघडल्याबरोबर समूहाची सगळी संकेतस्थळं कोरी पडली. लेख सर्व्हरवर होते. पण लेखाचा पत्ता # च्या मागे असल्याने सर्व्हरला तो दिसतच नव्हता, आणि ज्याला दिसत होता तो प्रोग्राम बंद पडला होता. पाटात पाणी होतं, पाटकरीच आला नव्हता. ट्विटर २०१२ मध्ये त्या वाटेवरून मागे फिरलं आणि पहिलं पान पुन्हा सर्व्हरवरच तयार करू लागलं. त्यानंतर ते पान उघडायला लागणारा वेळ आधीच्या पाचव्या हिश्श्यावर आल्याचं कंपनीने सांगितलं. गूगलनेही ती पद्धत २०१५ मध्ये सोडून दिली.

खरा उपाय ब्राउझरनेच द्यायला हवा होता, आणि तो एचटीएमएल-५ या वेबपानांच्या भाषेच्या आवृत्तीसोबत आला. त्याला हिस्टरी एपीआय म्हणतात. क्रोम आणि सफारीत तो २०१० मध्ये, फायरफॉक्समध्ये २०११ मध्ये, इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये २०१२ मध्ये पोचला. त्यातली तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरतं. पुशस्टेट म्हणजे पान न हलवता पत्ता बदलायचा आणि इतिहासाच्या चळतीवर नवी चिठ्ठी ठेवायची. रिप्लेसस्टेट म्हणजे नवी चिठ्ठी न ठेवता वरचीच बदलायची. आणि पॉपस्टेट म्हणजे वाचकाने मागे-पुढे जायचं बटण दाबल्यावर ब्राउझरने मारलेली हाक.

एवढं हातात आल्यावर राउटर लिहिणं खरोखर सोपं आहे, आणि म्हणूनच छोट्या राउटरांचं पीक आलं. टीजे होलोवायचुक हे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या जगात एक्स्प्रेस या सर्व्हर-चौकटीमुळे प्रसिद्ध झालेले कॅनडाचे प्रोग्रामर. त्यांनी २०१२ मध्ये पेज-जेएस नावाचा राउटर लिहिला. सुरुवातीला त्याची ओळख सुमारे १२०० बाइट्सचा अशी दिली जाई. सर्व्हरवर पत्ते जसे लिहायचे तसेच ते ब्राउझरमध्ये लिहायचे, ही त्यामागची कल्पना. क्रासिमिर त्सोनेव यांचा नाविगो त्याच घराण्यातला. रिॲक्ट ही पडदे बांधायची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, वापरणाऱ्यांसाठी अलेक्सेई ताक्तारोव यांनी वाउटर लिहिला, तो दोनेक किलोबाइटचा. रायन फ्लॉरेन्स आणि मायकेल जॅक्सन यांचा रिॲक्ट राउटर त्या मानाने भारी यंत्र आहे आणि मोठ्या ॲपना त्याचा उपयोगही मोठा. पण सहा पानांच्या भाव-ॲपला नांगरटीसाठी क्रेन आणण्यात अर्थ नाही.

हलकेपणाबद्दल बोलताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. राउटरवर वाचवलेले दहा-पंधरा किलोबाइट केळीच्या घडाच्या एका न आवळलेल्या फोटोत सहज बुडून जातात. देवनागरी फाँटची एक फाइल राउटरच्या कितीतरी पट भरते. मग त्याचं एवढं काय? फोटो नुसता दाखवायचा असतो. प्रोग्राम मात्र फोनला वाचावा, समजून घ्यावा आणि चालवावा लागतो, आणि तोही पहिलं पान दिसायच्या आत. स्वस्त फोनचा प्रोसेसर तिथे दमतो. पण त्याहून मोठा फायदा माणसाला आहे. हलक्या राउटरचा सगळा मजकूर एका दुपारी वाचून होतो. जी मुलगी तो वापरणार आहे तिला तो आतून कळतो, आणि रात्री अकरा वाजता काही अडलं तर ती स्वतः उघडून बघू शकते.

तो वाचायला घेतला की पहिली गोष्ट दिसते ती दुव्यावरच्या बोटाची. राउटर पानावरच्या सगळ्या दुव्यांवर नजर ठेवतो. बोट पडलं की ब्राउझरला ‘थांब, तू जाऊ नकोस’ सांगतो, पुशस्टेटने पत्ता बदलतो आणि यादीतून पान शोधतो. हौसेने स्वतःचा राउटर लिहिणारे इथे हमखास फसतात, कारण सगळेच दुवे अडवायचे नसतात. कुणी कंट्रोल दाबून दुवा नव्या खिडकीत उघडू पाहतो. एखादा दुवा बाजार समितीच्या दुसऱ्याच संकेतस्थळाचा असतो. एखादा फाइल उतरवण्याचा, एखादा फोन नंबरचा. यातलं प्रत्येक सोडून द्यायला हवं. पेज-जेएसच्या मजकुरात अशा अटींची एक रांगच आहे, आणि वीस ओळींचा घरगुती राउटर न वापरता तयार छोटा घ्यावा याचं सर्वांत चांगलं कारण ती रांग आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे साचे. प्रत्येक तालुक्यासाठी वेगळा नियम लिहायचा नसतो. ‘/केळी/:बाजार’ असा साचा दिला की विसर्गासारख्या त्या चिन्हानंतरची जागा रिकामी खोली ठरते. तिथे रावेर येऊ दे, यावल येऊ दे, राउटर ते नाव उचलून पानाच्या हातात देतो. वेलणकरांच्या सहा आकड्यांतही हेच आहे, ठरलेल्या जागी काय आलं यावरून अर्थ. मात्र साच्यांचा क्रम बहुतेक छोट्या राउटरांत महत्त्वाचा असतो, कारण ते वरून खाली वाचतात आणि पहिला जुळेल तो पकडतात. आपल्या मुलीने आधी ‘/केळी/:बाजार’ लिहिलं आणि त्याखाली ‘/केळी/मदत’ असं मदतीचं पान दिलं, तर मदतीच्या पानावर कुणी कधीच पोचणार नाही. राउटर ‘मदत’ नावाच्या गावचा बाजारभाव शोधत बसेल. नेमका पत्ता वर, मोकळा साचा खाली, आणि अगदी तळाशी काहीच न जुळल्याची वाट.

तिसरी गोष्ट राउटरमध्ये नसतेच, ती सर्व्हरवर असते, आणि तिच्यापायी सर्वांत जास्त रात्री वाया गेल्या असतील. ॲप तयार झालं, घरच्या संगणकावर झकास चाललं, दुवे फिरले, मागचं बटण चाललं. मग ते वेबवर चढवलं, ‘/केळी/रावेर’ हा पत्ता मैत्रिणीला पाठवला, आणि तिच्या पडद्यावर ४०४, म्हणजे ‘असं पान नाही’, उमटलं. कारण मैत्रिणीच्या फोनमध्ये राउटर अजून पोचलेलाच नाही. तिचा ब्राउझर सरळ सर्व्हरकडे गेला आणि त्याने ‘केळी’ नावाच्या फोल्डरात ‘रावेर’ नावाची फाइल शोधली. तशी फाइल कुठेच नाही. उपाय एका ओळीचा आहे: सर्व्हरला सांगायचं की मागितलेली फाइल असेल तर दे, नसेल तर मूळ पान दे, पुढचं राउटर बघेल. पण ही ओळ लावली की लगेच दुसरी खोच निघते. मूळ पानात प्रोग्रामचा पत्ता अर्धवट दिलेला असेल तर ‘/केळी/रावेर’ वर उभा असलेला ब्राउझर प्रोग्रामसुद्धा ‘/केळी/’ च्या पोटात शोधतो. तिथे तो नसतो, म्हणून सर्व्हर नव्या नियमाप्रमाणे मूळ पानच परत देतो, आणि ब्राउझर प्रोग्राम समजून त्या पानाचा मजकूर वाचू लागतो. पडदा पांढरा, आणि दिसणारी चूक भलतीच. पत्ता मुळापासून, म्हणजे पहिल्या तिरक्या रेघेपासून लिहिला की हे मिटतं.

हे सगळं जमल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि तो तंत्राचा नाही. पत्त्याचा अर्थ काय?

सोमवारी सकाळी कुणी ‘/केळी/रावेर’ पाठवलं, सोबत लिहिलं, ‘एवढा भाव फुटलाय, आज काढ.’ घेणाऱ्याने मंगळवारी उघडलं. त्याला मंगळवारचा भाव दिसला. दोघं एकाच पत्त्यावर उभे आहेत आणि वेगळंच काही बघत आहेत. व्यापाऱ्याशी बोलताना यातून भांडण होऊ शकतं. म्हणून आजच्या भावाचं पान वेगळं आणि तारखेचं पान वेगळं असायला हवं, आणि ‘पाठवा’ या बटणाने नेहमी तारीख असलेला पत्ताच द्यायला हवा: बाजार, माल, दिवस. कुठल्या गोष्टी पत्त्यात जायच्या आणि कुठल्या नाहीत, हे ठरवणं हा राउटर वापरण्यातला सर्वांत जास्त विचाराचा भाग आहे, आणि त्यात कुठलीही लायब्ररी मदत करत नाही. तक्ता उघडा की मिटलेला, हे पत्त्यात नको. बाजार हवाच. आलेखाचा काळ, तीन महिने की वर्ष, तोही हवा, कारण आलेख दाखवूनच माणसं एकमेकांना पटवतात.

पत्ते बदलू नयेत, असं बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात कळकळीने मांडलं होतं. पण गावांची नावं बदलतात. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे पूर्व खानदेश जळगाव झाला आणि पश्चिम खानदेश धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाला. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. १९९० मध्ये स्थापन झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखलं जातं. इतक्या वेळा नावं बदललेल्या मुलखात लिहिलेल्या ॲपला जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेण्याची सोय ठेवावीच लागते. ‘/केळी/एदलाबाद’ आलं तर ‘/केळी/मुक्ताईनगर’ दाखवायचं.

हे वळवणं पुशस्टेटने केलं तर काय होतं ते करून बघण्यासारखं आहे. वाचक जुन्या पत्त्यावर येतो, राउटर चळतीवर नव्या पत्त्याची चिठ्ठी ठेवतो. वाचक मागे जातो. मागे आहे जुना पत्ता. तो उघडला की राउटर पुन्हा नव्यावर ढकलतो. पुन्हा मागे, पुन्हा ढकल. माणूस एदलाबाद आणि मुक्ताईनगरच्या मध्ये अडकून पडतो आणि शेवटी ॲपच बंद करतो. वळवताना रिप्लेसस्टेट वापरायचं, म्हणजे जुनी चिठ्ठी चळतीतून जाते आणि मागची वाट मोकळी राहते. जनगणनेसारखे आकडे वापरणं हा दुसरा मार्ग. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारचा क्रमांक ४९७, धुळ्याचा ४९८, जळगावचा ४९९ आहे; नाव बदललं तरी आकडा तिथेच राहतो. पण ‘/४९९’ हा पत्ता वाचून कुणाला काय कळणार? माणसाला वाचता येणारा पत्ता ठेवावा आणि बदलांची जबाबदारी आपण घ्यावी, हेच या लेखकाला बरं वाटतं.

वाचता येणारा म्हणजे मराठीत का? इथे देवनागरी वापरणाऱ्यांच्या वाट्याला एक खास काम येतं. वेबचा पत्ता मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या युटीएफ-८ रूपात तीन बाइट्स घेतं, आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं अशा तीन खुणांनी लिहिला जातो. ‘जळगाव’ मध्ये काना धरून पाच चिन्हं. पाच त्रिक पंधरा बाइट्स, पंधरा त्रिक पंचेचाळीस खुणा. मराठी विकिपीडियाचे पत्ते असेच देवनागरीत आहेत. ब्राउझरच्या पट्टीत ते नीट दिसतात, आणि उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवले की बहुधा टक्क्यांची माळ उमटते. माळ कुरूप असली तरी चालते, पोचते. रोमनमध्ये लिहावं तर तिथेही एकवाक्यता नाही. धुळे शहर जुन्या इंग्रजी कागदांत धुलिया आहे, आणि टाइप करणारा प्रत्येक जण आपापलं स्पेलिंग करतो.

राउटरसाठी यातून दोन कामं निघतात. साच्याशी ताडण्याआधी ती टक्क्यांची माळ पुन्हा अक्षरांत आणायची. चांगले राउटर ते करतात, पण सगळे सारखं करत नाहीत, तेव्हा तपासून घ्यावं. आणि दुसरं काम मराठीचं स्वतःचं आहे. ‘पाचोऱ्याचे-भाव’ असा पत्ता घेऊ. यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त आणि य जोडतो; कुणाचा साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच दिसतो. आत मात्र दोन वेगळ्या रांगा आहेत, आणि राउटर रांगा ताडतो, आकार नाही. एकाच्या फोनवर पान उघडतं, दुसऱ्याच्या फोनवर ‘असं पान नाही’. युनिकोडची नेहमीची प्रमाणीकरणाची पायरी टिंबाचे भेद मिटवते, पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाला हात लावत नाही. ती बदली आपणच लिहावी लागते. पाचोऱ्याचे, ऱ्हस्व, दऱ्या, वऱ्हाड, खऱ्या-बऱ्या शब्दांनी भरलेल्या भाषेत ही ओळ वेळेवर लिहिलेली बरी.

पान न हलवता बदलण्यात आणखी एक गोष्ट मागे पडते, आणि ती डोळसांना दिसत नाही. पान नव्याने येतं तेव्हा ब्राउझर त्याचं शीर्षक बदलतो, वाचनयंत्र ते मोठ्याने सांगतं, पडदा वर जातो. पुशस्टेटमध्ये यातलं काहीच आपोआप होत नाही. टॉकबॅक हे वाचनयंत्र लावून फोन वापरणारा अंध माणूस बऱ्हाणपूरच्या दुव्यावर दोनदा बोट टेकवतो आणि शांतता पसरते. भाव बदललाय, पण त्याला कुणी सांगितलं नाही. म्हणून पान वळवल्यावर शीर्षक बदलायचं, नव्या मथळ्यावर लक्ष आणून ठेवायचं, आणि मागे आल्यावर यादी जिथे सोडली होती तिथेच उघडायची. हलक्या राउटरांत हे बहुधा हातानेच जोडावं लागतं. चार-पाच ओळींचं काम आहे, आणि ते सोडलं तर एक वाचक कायमचा बाहेर राहतो.

ब्राउझर बनवणाऱ्यांनाही हा गोंधळ कळला आहे. क्रोममध्ये २०२१ मध्ये पत्त्यांचे साचे ताडण्याची आणि २०२२ मध्ये नॅव्हिगेशन एपीआय नावाची सोय आली. तीत दुव्यावरचं बोट, मागचं बटण, फॉर्म, सगळ्या हालचाली एकाच दारातून येतात आणि राउटरला त्या एकाच जागी अडवता येतात. आज छोट्या लायब्ररी जे करतात त्यातलं बरंच काम त्यामुळे ब्राउझरच्या अंगावर जाईल. साचे कुठले ठेवायचे आणि पत्त्यात काय लिहायचं ते तेव्हाही ॲप लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागेल.

तोपर्यंत आपल्या मुलीने तिचं भाव-ॲप लोकांपुढे ठेवण्याआधी एक संध्याकाळ काढावी. ज्या फोनवर ते ॲप कधीच उघडलेलं नाही असा घरातला जुना फोन घ्यावा. त्यावर मागच्या आठवड्यातल्या तारखेचा रावेरचा पत्ता व्हॉट्सॲपने पाठवून तिथूनच उघडावा, आणि त्याच तारखेचा भाव दिसतो का ते बघावं. मग तेच पान पुन्हा लोड करावं. बऱ्हाणपूर, यावल, मुक्ताईनगर असं फिरून तीनदा मागे यावं. ‘एदलाबाद’ हाताने टाइप करावं आणि मागे जाता येतं का ते पाहावं. टॉकबॅक लावून डोळे मिटून एकदा सगळं करावं. आणि शेवटी ‘पाचोऱ्याचे-भाव’ आपल्या फोनवर एकदा, आईच्या फोनवर एकदा टाइप करून दोन्हीकडे तेच पान येतं का, ते बघावं.